देखावा झाला आणि गाडी तुटायला लागली: मॉडेल रेल्वेतल्या कपलिंगच्या तक्रारीचा माग

रूळ नुसते प्लायवर ठोकलेले असतात तोवर रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांची ओळ, बिनतक्रार फिरतो. मग खडी टाकली जाते, डोंगर उभे राहतात, बोगद्याला तोंड येतं, डब्यांवर गंज आणि धूळ चढते. त्यानंतर आठवड्याभरात घाटात गाडी मधूनच तुटायला लागते. इंजिन चार डबे घेऊन पुढे निघून जातं आणि बाकीचा रेक चढावावरून मागे घसरत येतो. डबे एकमेकांना जोडणारं कपलिंग बदललं की दोन दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच.

मॉडेल रेल्वे करणाऱ्यांकडून ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि जवळजवळ दर वेळी दोष कपलिंगच्या माथी मारलेला असतो. लगेच नवीन पाकिटं मागवली जातात. चांगली कपलिंग आपल्याकडे परदेशातून येतात आणि महाग पडतात. म्हणून आधीच सांगतो: जे कपलिंग उघड्या रुळावर नीट चालत होतं ते देखाव्यानंतर चालेनासं झालं, तर पहिला संशय देखाव्यावर घ्या. खडी, गोंद, रंग आणि भुकटी या चार गोष्टी नव्याने आलेल्या असतात. कपलिंग तेच असतं.

इथे मी एचओ म्हणजे १:८७ प्रमाण आणि केडी या अमेरिकी कंपनीच्या पद्धतीचं, मुठीसारखं मिटणारं नकल (इंग्रजी knuckle) कपलिंग धरून बोलतोय. नकल म्हणजे त्याचा उघडमीट होणारा पंजा. आपल्याकडे बीओएक्सएन (उघड्या मालवाहू) वाघिणी आणि एलएचबी (नव्या धाटणीच्या प्रवासी) डब्यांचं सीबीसी, म्हणजे मधोमध बसणारं खरं कपलिंग, दाखवायला तेच शोभतं. एक गोष्ट लक्षात असू द्या. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, म्हणजे १:८७ मध्ये १९.२ मिमी व्हायला हवा, पण आपण चालवतो १६.५ मिमीच्या रुळावर. डबा रुळाच्या मानाने रुंद आणि डोक्याने जड होतो, त्यामुळे तो जास्त डुलतो. युरोपी किंवा अमेरिकी मॉडेलला खपून जाणारी चूक आपल्या डब्यांना म्हणूनच कमी खपते.

आधी नुसतं बघा

गाडी तुटली की हात आपोआप डबे जोडायला जातो. तो आवरा. वीज बंद करा आणि तुटलेल्या दोन टोकांकडे भिंगातून बघा. दोन्ही नकल मिटलेले आहेत की एखादा उघडा आहे?

अर्धं निदान इथेच होतं. दोन्ही मिटलेले असतील तर ती उघडलीच नाहीत, एकमेकांवरून वर-खाली सरकून निसटली. म्हणजे दोष उंचीचा. कपलिंग खाली लोंबतंय, डबा वर-खाली बसलाय, किंवा रुळाचा चढ एकदम मोडतोय. एक नकल उघडा असेल तर त्याला कोणीतरी उघडलं आहे किंवा तो मिटूच शकला नाही. त्यामागे गाडी सोडवायला रुळात बसवलेला चुंबक असेल, खालच्या ट्रिप पिनला (नकलखाली लोंबणाऱ्या, त्याला उघडणाऱ्या तारेला) काही अडलं असेल, नकलची स्प्रिंग उडाली असेल, किंवा आत घाण बसली असेल. या दोन दोषांचे उपाय अगदी वेगळे आहेत. कपलिंग बदलून दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा बिघडतं, कारण हा फरक पाहिलेलाच नसतो.

त्यानंतर जागा. जिथे तुटली तिथे रुळाच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा आणि त्या दोन डब्यांच्या पोटाला पेन्सिलीने खूण करा. पुन्हा चालवा. एकाच जागी वेगवेगळे डबे सुटत असतील तर दोष जागेचा. तेच दोन डबे कुठेही सुटत असतील तर दोष त्या डब्यांचा. डबेही वेगळे, जागाही वेगळ्या, पण नेहमी उतारावर किंवा बँकर (मागून ढकलणारं इंजिन) लावल्यावरच सुटत असतील, तर दोष चालवण्याचा. हे खूण करण्याचं काम कंटाळवाणं आहे खरं, पण ते न करता पुढचं काहीही केलं तर ते अंदाजपंचे दाहोदरसे.

काळ्या खडीतलं लोखंड

हा भाग मी सविस्तर लिहितोय, कारण परदेशी पुस्तकांत याचा उल्लेख ओझरता असतो आणि आपल्याला तो सर्वांत जास्त लागू पडतो.

खऱ्या रुळाखालची खडी साधारण ६५ मिमीपर्यंतची असते. १:८७ मध्ये ती पाऊण मिमीच्या आत येते. त्यामुळे खडी क्रशरवरची बारीक कच किंवा बांधकामावरची क्रश सँड आणून, धुऊन, चाळून वापरायची ही कल्पना उत्तम आहे. विकतच्या परदेशी खडीला भोर घाटातला तो निळसर काळा रंग येत नाही. दगड घाटातलाच असला की रंग जुळवायची गरजच उरत नाही. मी स्वतः दुसरी कुठली खडी सुचवत नाही.

पण सह्याद्रीचा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतं. नदीच्या वाळूतल्या काळ्या रेघा त्याच्याच. रत्नागिरीच्या बाजूला काही किनाऱ्यांवर जी काळी वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइटबरोबर हेच असतं. आता आपल्या मांडणीत चुंबक कुठे कुठे आहेत ते आठवा. इंजिनाच्या मोटरमध्ये आहे. गाडी सोडवण्यासाठी रुळांच्या मध्ये किंवा रुळाखाली बसवलेला आहे. नकल कपलिंगची ट्रिप पिन लोखंडी आहे, ती या चुंबकाने बाजूला ओढली जावी म्हणूनच.

खडी टाकली की सुटे कण हळूहळू रुळातल्या चुंबकावर जमतात आणि काट्यांसारखे उभे राहतात. पिन त्यांना घासत जाते. काही कण पिनवर चढतात, तिथून नकलच्या सांध्यात शिरतात, आणि मग नकल पूर्ण मिटत नाही. वरून बघितलं तर जोडणी लागलेली दिसते, ओढ आली की सुटते. मोटरमध्ये गेलेल्या कणांचा त्रास वेगळा आहे: आवाज वाढतो, गाडी धक्के देत चालते, आणि त्या धक्क्यांनीही कपलिंग सैल पडून सुटतं.

उपाय खडी टाकण्याआधीचा आणि सोपा. कोरडी कच ताटात पातळ पसरा. एक जोरदार चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून सावकाश फिरवा. पिशवीला काळी मिशी फुटेल. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा, ती भुकटी टाकून द्या, आणि पिशवी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत हे करत राहा. पिशवी विसरू नका, नाहीतर चुंबकाला चिकटलेली पूड निघता निघत नाही. मोठ्या कणांच्या पोटात अडकलेलं मॅग्नेटाइट पूर्ण जाणार नाही, पण असे कण गोंदात पक्के बसतात. उपद्रव सुट्या, पिठासारख्या पुडीचा असतो. म्हणून अगदी बारीक चाळणीतून खाली पडणारं पीठ रुळांच्या मध्ये वापरूच नका. त्यातलं धुतलेलं थोडं रस्त्याला आणि डोंगराच्या पायथ्याला वापरा, तिथे ते सुंदर दिसतं.

खडी आधीच टाकून झाली असेल तर व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ मोजा बांधून सगळा रूळ ओढून घ्या. मग पिशवीतला चुंबक रुळाच्या अगदी जवळून फिरवा. तरीही दाणे उडत असतील तर त्या भागात पातळ गोंदाचा आणखी एक हात द्यावा लागेल.

गोंद कुठवर पोहोचला

खडी बसवायची आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे: फेव्हिकॉल पाण्यात पातळ करायचा, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकायचा, आधी खडी ओली करायची, मग ड्रॉपरने सोडायचा. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो आणि ते फटीफटीत शिरतं. खडीत शिरावं म्हणून आपण हे करतो, पण तेच पाणी सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या, हलत्या रुळाखाली आणि रुळातल्या चुंबकाच्या कडेलाही शिरतं. वाळल्यावर सांध्याची जीभ अर्धा मिमी उचललेली राहते. चाक तिथून जाताना डबा उडी मारतो, आणि त्या उडीत मिटलेले नकल एकमेकांवरून निसटतात. गाडी नेहमी सांध्यावरच तुटत असेल तर जिभेखाली कागद सरकवून बघा. साधा पांढरा फेव्हिकॉल कोमट पाण्याने पुन्हा मऊ होतो, त्यामुळे तिथली खडी उकरून काढणं अवघड नाही. मरीन जातीचा वापरला असेल तर तो पाण्याला दाद देत नाही, खरवडावाच लागतो. दमट कोकणात लोक मरीन वापरतात ते समजण्यासारखं आहे, पण सांध्याच्या आसपास तरी साधा वापरावा.

ट्रिप पिन रुळाच्या माथ्यापासून जेमतेम ०.८ मिमी वर असते. रुळांच्या मध्ये त्याहून उंच काहीही आलं की ती अडते, बाजूला वळते आणि नकल उघडते. खडी सहसा इतकी उंच नसते. अडवतात ते फाटकातले फळकुट आणि डांबरी रस्ता, कारण रस्ता रुळाच्या बरोबरीने करायचा म्हणून आपण वर एक थर जास्त देतो. दुसरं म्हणजे गवत. स्थिर विजेने उभं केलेलं चार मिमीचं गवत सायडिंगमध्ये (बाजूच्या जादा मार्गावर) रुळांच्या मध्ये फार खरं दिसतं, आणि दर डब्याच्या पिनला ते चाटून जातं. पावसाळ्यातलं सायडिंग दाखवायचं असेल तर गवत रुळांच्या बाहेर मोठं ठेवा आणि मध्ये दोन मिमीचं, विरळ. फाटकातला रस्ता रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खालीच हवा. जुनं एटीएम कार्ड रुळांवर आडवं ठेवून सरकवा. जिथे अडेल तिथे पॉलिश पेपर मारा.

फेव्हिक्विकबद्दल दोन वाक्यं. ब्रेकचे पाइप, पायऱ्या असले बारीक भाग चिकटवताना तो थेंब कपलिंग ज्यात बसतं त्या डबीत ओढला जातो आणि शँक, म्हणजे कपलिंगचा दांडा, कायमचा जखडतो. ॲसिटोनने तो सुटतो, पण ॲसिटोन पॉलिस्टायरीन आणि एबीएस खातं. म्हणून कपलिंग धातूचं असेल आणि पूर्ण काढून बाहेर ठेवलं असेल तरच ॲसिटोन लावा, डब्यावर कधीच नाही.

गंज चढवताना काय जातं

वेदरिंग, म्हणजे मॉडेल वापरलेलं-मळलेलं दिसावं म्हणून रंगवणं, हा या छंदातला माझा सर्वांत आवडता भाग आहे. लोहखनिज वाहणाऱ्या वाघिणीच्या कडांवर बसलेली तांबडी धूळ, बोगीवर (डब्याखालच्या चाकांच्या चौकटीवर) ब्रेकच्या पुडीचा तपकिरी थर, छतावर पावसाने ओढलेल्या रेघा हे जमलं की प्लॅस्टिकचा डबा वजनदार वाटायला लागतो. त्यामुळे वेदरिंग करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. म्हणणं एवढंच की ते करताना कपलिंग डब्यावर ठेवू नका.

डबी एका स्क्रूने बसलेली असते. स्क्रू काढा, डबी बाजूला ठेवा, तिच्या जागी कागदी टेप लावा आणि मग खुशाल रंग मारा. असं न करता एअरब्रश किंवा स्प्रे मारला की दोन गोष्टी होतात. रंगाचा थर नकलच्या बिजागरीत जातो, आणि शेवटचा मॅट वार्निशचा हात त्याला पक्कं करतो. मॅट वार्निश गुळगुळीत नसतं, त्यात मॅट दिसावं म्हणून बारीक पूड घातलेली असते. तसल्या पृष्ठभागावर नकल सरकत नाही, घासतो. अशी कपलिंग हाताने मिटवली तर मिटतात, पण डब्याच्या वजनाने आपोआप मिटत नाहीत. जोडताना इंजिनाने डबे पुढे ढकलत न्यावे लागत असतील तर खुशाल समजा की वार्निश आत गेलंय.

भुकटीचा प्रश्न आणखी चिवट. आपल्याकडे गंजासाठी गेरू, काजळीसाठी कोळशाची पूड आणि धुळीसाठी मुलतानी माती वापरतात. स्वस्त आहे आणि रंग अस्सल येतात. पण गेरू आणि मुलतानी म्हणजे माती आहे, ती दमट हवेत पाणी धरते. डबीत शिरलेली चिमूटभर गेरू मे महिन्यात काही करत नाही, जुलैत घट्ट बसते. उन्हाळ्यात वेदरिंग केलं आणि पावसाळ्यात कपलिंग बिघडलं, अशी तक्रार आली की मी आधी गेरूबद्दल विचारतो. पेस्टल खडूची पूड त्या मानाने बरी. भुकटी कोणतीही असो, ब्रशने जितकी लागते तितकीच लावा, जास्तीची फुंकू नका, डबा उलटा धरून टिचकीने झाडा. फुंकर मारली की ती नेमकी डबीच्या तोंडात जाते.

कपलिंगलाही गंजका रंग हवाच, नाहीतर मळलेल्या वाघिणीला चकचकीत नकल विजोड दिसतो. तो वेगळा काढून, पातळ गंजाचा रंग अगदी थोड्या ब्रशने, फक्त नकलच्या बाहेरच्या पाठीला आणि शँकच्या दिसणाऱ्या भागाला लावा. जिथे एक नकल दुसऱ्याला टेकतो ती आतली बाजू कोरी ठेवा. खऱ्या कपलिंगचीही ती बाजू घासून उघडी पडलेली असते, म्हणजे चालण्यासाठी जे लागतं तेच दिसायलाही बरोबर आहे. रंग ओला असताना नकल दर मिनिटाला उघडमीट करत राहा.

आधीच रंगलेली कपलिंग टाकून देऊ नका. डबी उघडा, सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, पूर्ण वाळवा. अल्कोहोल डब्यावरच्या ॲक्रिलिक रंगाला आणि नंबरांच्या डिकलला लागू देऊ नका, आणि जवळ निरांजन किंवा उदबत्ती नको, ते पेट घेतं. नकलची स्प्रिंग काढताना-घालताना हात पारदर्शक पिशवीत घालून काम करा. ती उडाली तरी पिशवीतच राहील, गालिच्यात हरवणार नाही. परत बसवताना तेल किंवा ग्रीस अजिबात नको, त्याला धूळ चिकटते. कुलपात घालतात ती कोरडी ग्रॅफाइट पूड चिमूटभर पुरते. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ती चाकांवर आणि रुळाच्या इन्सुलेटेड जोडांवर सांडू देऊ नका. शेवटी स्क्रू फार आवळू नका. डबीचं झाकण दबलं की शँक अडकतो आणि सगळी साफसफाई वाया जाते. बोटाने एका बाजूला ढकललेलं कपलिंग सोडल्यावर आपोआप मध्यावर यायला हवं, दोन्ही बाजूंनी.

घाटाचा चढ आणि एक मिलिमीटर

आता दोन्ही नकल मिटलेले असतानाची तुटातूट. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, आणि तिथला चढ १:३७ चा. थळ घाटात तोच, गोव्याकडे उतरणाऱ्या ब्रागांझा घाटातही तोच. घाट करणारे आपण हौसेने हाच आकडा धरतो, आणि धरावाच. १:३७ म्हणजे मीटरमागे २७ मिमी, म्हणजे २.७ टक्के. चांगलं इंजिन तेवढं ओढतं. प्रश्न चढाचा नसतो, चढ जिथे सुरू होतो आणि संपतो त्या मोडाचा असतो.

हिशेब करून बघू. आयसीएफ, म्हणजे जुन्या धाटणीचा प्रवासी डबा, साधारण २१.३ मीटर, बोग्यांच्या मध्यांतलं अंतर १४.८ मीटर. १:८७ मध्ये डबा २४५ मिमी, बोग्या १७० मिमीवर, म्हणजे दोन्ही टोकांना साधारण ३८ मिमी डबा बोगीच्या पुढे लोंबतो. सपाट प्लायवरून चढ एकदम सुरू केला किंवा एकदम संपवला, तर बोगी मोडावर असताना त्या लोंबत्या टोकाचं कपलिंग शेजारच्या डब्याच्या कपलिंगपेक्षा ३८ × ०.०२७, म्हणजे सुमारे १ मिमी वर किंवा खाली जातं. एक मिमी एकटं असतं तर कपलिंगने सोसलं असतं. पण त्यात एका डब्याची अर्धा मिमी चुकलेली उंची मिळवा, शँकचं लोंबणं मिळवा, खडीने उचललेला एक स्लीपर मिळवा. मग नकल एकमेकांवरून निसटतात.

म्हणून मोड गोलाईने व्हायला हवा, आणि ती गोलाई निदान आपल्या सर्वांत लांब डब्याएवढ्या अंतरात पसरायला हवी. एलएचबी डबा साधारण २७० मिमी होतो, तर ३०० मिमी धरा, जागा असेल तर त्याच्या दुप्पट. प्लाय चिरून वाकवला असेल तर तो मुळात गोलाईने वाकतो. त्रास होतो तो थर्माकोलच्या पाचरींवर चढ केला असेल तेव्हा, कारण पाचरीला टोक असतं. त्या टोकाखाली पातळ पट्ट्या भरून गोलाई करता येते, खडी उकरावी लागली तरी हे करा.

कपलिंगची उंचीही याच वेळी मोजून घ्या. एचओमध्ये नकलचा मध्य रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मिमीवर हवा. केडीचं उंची मोजायचं गेज मिळालं तर घ्या. नाही मिळालं तर एक डबा काटेकोर बसवून तो कायमचा नमुना म्हणून बाजूला ठेवा आणि प्रत्येक डबा त्याच्या तोंडाशी लावून बघा. कमी पडली तर बोगी आणि डब्याच्या मध्ये पातळ चकती द्या. जुन्या एक्स-रे फिल्मच्या चकत्या छान होतात. पुठ्ठा नको, पावसाळ्यात तो फुगतो. शँक लोंबत असेल तर डबीत खालून पाव मिमीची प्लॅस्टिकची पट्टी टाका.

कातळ, वळण आणि हलका डबा

वळणावर डबा मध्याने आत आणि टोकांनी बाहेर जातो. ६०० मिमी त्रिज्येवर वर सांगितलेला आयसीएफ डबा मध्यावर ६ मिमी आत येतो आणि कोपरे जवळजवळ तितकेच बाहेर जातात. डब्याची अर्धी रुंदी १८.६ मिमी. म्हणजे रुळाच्या मध्यापासून २५ मिमी अंतर डब्यालाच लागतं, त्यापुढे हवा. कातळ ३० मिमीच्या आत आणू नका, बोगद्याचं तोंडही नाही. कोरीव कातळाचं एखादं टोक डब्याला नुसतं घासलं तरी मागचा रेक क्षणभर थबकतो, कपलिंग एकदा सैल आणि लगेच ताठ होतं, आणि त्यात कमकुवत जोडी सुटते. रंगावर ओरखडा दिसेलच असं नाही. सर्वांत लांब डब्याच्या मध्यावर आणि कोपऱ्यांवर पेन्सिली टेपने बांधून हाताने ढकला. जिथे कातळावर रेघ उमटेल तिथे छिन्नी.

वजनाचं थोडक्यात: एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची शिफारस २८ ग्रॅम अधिक लांबीच्या दर सेंटिमीटरला ५.६ ग्रॅम अशी येते. १२३ मिमीच्या बीओएक्सएनला ती सत्त्याण्णव ग्रॅमच्या आसपास, आयसीएफ डब्याला १६५. रिकाम्या वाघिणी यापेक्षा फार हलक्या असतात आणि लांब रेकमध्ये पुढे लावल्या की वळणावर आत ओढल्या जाऊन उचलतात. जड डबे पुढे, हलके मागे.

बँकर लावल्यावरच तुटते तेव्हा

कर्जतला गाडीच्या मागे बँकर लागतात आणि गाडी ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात. भोर घाटाचं मॉडेल करून बँकर न लावणं मला तरी जमणार नाही. पण मागून ढकललं की रेकच्या मागच्या भागातली कपलिंग दाबात येतात, पुढची ताणात राहतात, आणि मध्ये कुठेतरी दोन-तीन जोड्या ना ताणात ना दाबात, नुसत्या सैल. चुंबकाने उघडणाऱ्या कपलिंगला सुटायला नेमकं हेच लागतं. ताठ असताना ते चुंबकावरून जातं आणि सुटत नाही, सैल असताना सुटतं. म्हणून चढाच्या रुळावर कायमचा चुंबक बसवू नका. यार्डात बसवा, किंवा मुख्य मार्गावर हवाच असेल तर बटणाने चालणारा विद्युतचुंबक. चाकांचे आस लोखंडी असतील तर तेही चुंबकाला ओढले जातात आणि डबा चुंबकाशी हिसका खातो. असे आस पितळी किंवा प्लॅस्टिकचे करून टाका.

दोन्ही इंजिनांचा वेग जुळलेला हवा. डीसीसीवर (रुळातून डिजिटल आज्ञा देऊन चालवण्याच्या पद्धतीत) इंजिनातल्या चिपच्या सेटिंगना सीव्ही म्हणतात; सीव्ही २, ५ आणि ६ ने कमीतकमी, जास्तीत जास्त आणि मधला वेग जुळवा, सीव्ही ३ आणि ४ दोन्ही इंजिनांत सारखे ठेवा. बँकर पुढच्या इंजिनापेक्षा किंचित मंद ठेवला तर सैल पट्टा मागे सरकतो आणि लहान होतो. जोडून चालवताना मोटरची उलट-दाबाने (बॅक ईएमएफने) वेग सांभाळणारी सोय दोन्ही इंजिनांत चालू असली तर ती एकमेकांशी झगडतात. एकात बंद करून बघा.

उतारावर बँकर नसतानाही असाच त्रास होतो. डबे मागून इंजिनावर रेटतात, गिअरमधली ढिलाई आळीपाळीने भरते-रिकामी होते आणि सगळा रेक हिसके खात उतरतो. शेवटच्या ब्रेक व्हॅनच्या एका आसावर फोमचा इवलासा तुकडा किंवा पातळ तारेची स्प्रिंग हलकेच टेकवा. तेवढ्या अडथळ्याने रेक ताठ राहतो. चढताना इंजिनाला ते जाणवता कामा नये, म्हणून तुकडा कापून कापून लहान करत जा.

गणपतीच्या दिवसांत

घरच्या गणपतीपुढे रेल्वेचा देखावा करणाऱ्यांसाठी एवढंच वेगळं: उदबत्ती, धूप आणि कापराचा धूर रुळावर चिकट थर देतो, तोच नकलवरही बसतो, आणि त्यात वर सांगितलेली खडीची पूड रुतते. रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी रूळ अल्कोहोलच्या फडक्याने पुसा आणि प्रत्येक नकल एकदा टोकदार काडीने उघडमीट करून बघा. देखावा आवरताना डबे कपलिंग लावलेले तसेच खोक्यात कोंबू नका, त्यात शँक वाकतात. प्रत्येक डबा वेगळा गुंडाळा, ज्यांच्या पोटाला पेन्सिलीची खूण होती ते वेगळ्या खोक्यात ठेवा, आणि त्यांच्या डब्या उघडून साफ केल्याशिवाय त्यांना पुन्हा रेकमध्ये घेऊ नका.